कोरड्या खोलीतले दगड

काचमामांनी आपलं शहर सोडून उभ्या आयुष्यात चार-पाच वेळा बाहेर पाऊल टाकलं असेल, पण जगाची फेरी मात्र त्यांनी रोज मारली. सुट्टीच्या दिवसांत तर दिवसातून सहा-सहा वेळा. मोठ्या सार्वजनिक बागेच्या मागच्या अंगाला एक लांबरुंद काचघर आहे. त्यात एकीतून दुसरीत जाणाऱ्या पाच खोल्या, गोल फिरत गेलेल्या. पहिलीत सदाहरित जंगल, दुसरीत गवताळ माळ, तिसरीत सूचिपर्णी झाडं, चौथीत बर्फाळ मुलखातली खुरटी झुडपं आणि पाचवीत वाळवंट. वाळवंटाच्या भिंतीला पाठ लावून पुन्हा ते पहिलं जंगल. तिकीट काढून आत शिरलेला माणूस तासाभरात पृथ्वीला वळसा घालून परत तिकीटखिडकीशी येतो. शाळेच्या पोरांनी या घराच्या राखणदाराला काचमामा म्हणायला सुरुवात केली आणि पुढे तेच नाव चिकटलं. पगारपत्रकातलं नाव एका कारकुनाखेरीज कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

एकोणिसाव्या वर्षी ते इथे आले ते काही झाडांच्या ओढीने नव्हे. वादळात फुटलेली तावदानं बसवायला जी माणसं आली होती, त्यांतले अंगाने सगळ्यात हलके म्हणून त्यांना छपरावर चढवलं होतं. खाली झाडांवर काच पडू नये म्हणून ते फुटके तुकडे स्वतःच्या खिशात घालत होते. त्या वेळच्या म्हाताऱ्या माळ्याने ते पाहिलं आणि साहेबांना सांगितलं, हा खिसा फाडून घेतो पण पान फाटू देत नाही, याला ठेवून घ्या. ठेवून घेतलं ते चाळीस वर्षांसाठी.

त्या म्हाताऱ्याने त्यांना सगळं शिकवलं. पहिल्या खोलीला ते ओली खोली म्हणत. तिथे पहाटेपासून धुकं सोडायचं, हवेतली ओल नव्वद टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायची नाही. माती बघाल तर बोटभर. झाडांवर झाडं, त्यांवर वेली, आणि खाली पडलेलं पान चार दिवसांत कुजून पुन्हा वर चढलेलं. गवताच्या खोलीत काम उलटं. तिथलं निम्म्याहून अधिक झाड जमिनीखाली असतं, आणि वरच्या गवताला एक तर चरणारं तोंड हवं नाहीतर वणवा. काचघरात वणवा लावता येत नाही आणि गवे आणले तर त्यांच्या तिकिटाचं काय करायचं, म्हणून वर्षातून दोनदा विळा घेऊन मामा स्वतःच उतरत. ‘या माळावरचा गवा तो मीच,’ असं ते पोरांना सांगत, आणि पोरं खिदळली की गंभीर चेहऱ्याने मान खाली घालून चरून दाखवत. सूचिपर्णी खोलीत सुयांसारख्या पानांवरून बर्फ कसा घसरतो ते ते मूठभर मीठ टाकून दाखवत. चौथ्या खोलीला दोन दारं, मधे हात-दोन हात जागा. आत यंत्राने थंडी राखलेली, मातीच्या खाली गोठवणाऱ्या नळ्या. मुळांना खाली उतरायला जागाच नाही, म्हणून तिथलं झुडूप वितीवर जात नाही, एकमेकांना बिलगून बसतं. प्राणी मात्र सगळ्या खोल्यांत भिंतींवर रंगवलेले. रेनडिअर, उंट, लांडगा, झाडाला उलटं टांगलेलं अस्वलासारखं एक आळशी जनावर. खरे म्हणावे असे फक्त ओल्या खोलीतले बेडूक आणि कोरड्या खोलीतली एक पाल, जी कुणी आणली नव्हती.

कोरडी खोली हा मामांचा जीव होता. तिथे खिडकीखाली एका उथळ वाफ्यात चाळीस दगड होते. दगड कसले, झाडंच ती. पण दिसायची हुबेहूब गोट्यांसारखी, करडी, तांबूस, मधे एक चीर. जनावरांनी खाऊ नये म्हणून देवाने त्यांना ते रूप दिलेलं. प्रत्येकाला दोन जाड पानं, एवढंच त्याचं अंग. वर्षातून एकदा त्या चिरेतून नवी जोडी वर येते. तेव्हा जुनी पानं आपल्या पोटातलं सगळं पाणी नव्या जोडीला देऊन टाकतात आणि स्वतः कागदासारखी वाळून जातात. बघणाऱ्याला वाटतं, तहानेने मेलं बिचारं. पण नेमकं तेव्हाच पाणी द्यायचं नसतं. दिलं तर जुनं सुकत नाही, नवं बाहेर येत नाही, आणि दोन्ही मिळून कुजतात. म्हाताऱ्याने ते चाळीस बियांपासून वाढवले होते आणि जाताना मामांच्या हवाली केले होते, बियांच्या एका पुडीसकट.

मामींचं लग्न होऊन त्या आल्या तेव्हा मामांनी त्यांना फिरायला म्हणून नेलं ते याच पाच खोल्यांत. हवा बदलायला दुसरीकडे जाण्याची ऐपतही नव्हती आणि मामांना रजाही मिळत नव्हती. मामी मनाने भाविक. ओल्या खोलीत शिरल्या की म्हणायच्या, इथे देवाने हात सैल सोडलाय. कोरड्या खोलीत म्हणायच्या, इथे मोजून दिलंय, पण कुणाला विसरला नाही. थंड खोलीत त्या मामांचा कोट पांघरून उभ्या राहायच्या आणि त्या वितीएवढ्या झुडपांना म्हणायच्या, बाळांनो, सरकून बसा. बागेमागच्या दोन खोल्यांच्या घरात त्यांचा संसार. मूलबाळ झालं नाही. दुपारचं काम आवरलं की त्या मागच्या दाराने काचघरात यायच्या, पानं पुसायच्या, पोरांच्या घोळक्यात मामांचं तेच ते बोलणं पुन्हा ऐकायच्या आणि गव्याच्या विनोदाला सगळ्यांत आधी हसायच्या. अशी वीसेक वर्षं गेली.

मग थंडीच्या दिवसांत एका सकाळी दोन गोष्टी एकदम झाल्या. कोरड्या खोलीतलं तापयंत्र बंद पडलं. ओली खोली आणि कोरडी खोली यांच्या मधल्या भिंतीत वर एक लाकडी झडप आहे, साखळीने उघडते. मामांनी ती उघडली, म्हणजे वायरमन येऊन यंत्र दुरुस्त करेपर्यंत पलीकडची थोडी ऊब इकडे यावी. अर्ध्या तासात यंत्र चालू झालं. तेवढ्यात निरोप आला की परगावी असलेले मोठे बंधू शिडीवरून पडले आहेत, निघून या. मदतनीस आधीच रजेवर होता. मामा साहेबांकडे धावले. साहेब म्हणाले, तुमच्या घरच्यांना सगळं पाठ आहे, त्या बघतील दहा दिवस.

मामांनी उभ्या उभ्या एक कागद लिहिला. कोणत्या खोलीत किती वाजता काय करायचं, असे बारा मुद्दे. कोरड्या खोलीपुढे लिहिलं, दगडांना पाणी नाही, कसेही दिसले तरी नाही. आणि तळाशी, दोन रेघा मारून: याखेरीज कशालाही हात लावायचा नाही. कागद मामींच्या हातात दिला आणि ते गाडी गाठायला पळाले.

अकराव्या दिवशी परत आले तेव्हा मामी घरी स्वयंपाक करत होत्या. मामा पिशवी ठेवून आधी काचघरात गेले. कोरड्या खोलीत शिरताच त्यांना हवा जड लागली. वर बघितलं तर झडप सताड उघडी. दहा दिवस जंगलाची ओली हवा वाळवंटात येत राहिली होती, थंड तावदानांवर घाम धरत होती, आणि तो घाम थेंबाथेंबाने खालच्या वाफ्यात पडत होता. दगड टच्च फुगलेले, दोन-चार चिरेपाशी काळे पडलेले. मामांनी साखळी ओढून झडप बंद केली. फडक्याने तावदानं कोरडी केली. ही दोन कामं कुणी पाहिली नाहीत, आणि पुढे सगळं बिघडलं ते त्यामुळेच.

संध्याकाळी मामींनी आपण होऊन सांगितलं की त्यांच्या हातून एक चूक झाली आहे. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यातला एक दगड इतका सुरकुतलेला दिसला की त्यांना राहवलं नाही. तहानलेल्याला पाणी नाही म्हणणं हे पाप, असं वाटून त्यांनी चमचाभर पाणी त्याच्या मुळाशी घातलं. त्या एकालाच.

मामांनी तेव्हा झडपेचं नाव काढलं नाही. पण महिनाभरात चाळीसच्या चाळीस कुजले, साहेब वाफ्यापाशी येऊन उभे राहिले आणि हे कसं झालं म्हणून विचारू लागले, तेव्हा मामांच्या तोंडून निघालं, घरच्यांनी पाणी घातलं. खोटं म्हणावं तर खोटंही नव्हतं. साहेब हसले, बायकांची माया म्हणाले आणि दाराकडे वळले. बोललेलं मागे घेता आलं असतं. साहेब तीन पावलं पण गेले नव्हते. मामा वाफ्याकडे बघत राहिले.

आणि ज्याच्यावर खापर फोडलं त्याच्यावरच राग काढायचा, ही माणसाची जुनी खोड. त्या दिवशी जेवताना मामा म्हणाले, “तुझी दया चाळीस जिवांना भोवली. आता त्या खोलीत पाऊल टाकू नकोस.”

मामींनी वाढलेलं ताट संपवलं, भांडी घासली. त्या खोलीतच काय, काचघरातच त्यांनी पुन्हा पाऊल टाकलं नाही. रुसल्या नाहीत, उणं बोलल्या नाहीत. दुपारच्या वेळी अंगणात बसून प्रार्थनेचं पुस्तक वाचू लागल्या, एवढंच. मामांनीही ये असं म्हटलं नाही. म्हणायचं तर झडपेचं सांगावं लागलं असतं. उद्या सांगू, परवा सांगू, असं करता करता अकरा वर्षं गेली. न बोललेली गोष्ट लोणच्यासारखी असते, जितकी जुनी तितकी मुरत जाते.

म्हाताऱ्याची बियांची पुडी मामांनी त्या वर्षी रागाने खणात टाकून दिली होती. पाच वर्षांनी पेरली, तर एकही उगवली नाही. वाफ्यात राहिले ते नुसते गोटे आणि पुढ्यातली पाटी: यातले जिवंत दगड ओळखा. पाटी काढायला साहेबांनीही सांगितलं नाही आणि मामांचाही हात गेला नाही. पोरं ओणवी होऊन शोधत, आणि दर घोळक्यात एक तरी पोर ओरडे, सापडला. मामा त्याच्या पाठीवर थाप मारत आणि पुढे चला म्हणत.

मधल्या काळात मामींची दृष्टी गेली. काचबिंदू. कडेकडेने अंधार येत जातो आणि मधलं तेवढं दिसत राहतं, म्हणून माणसाला वेळेवर कळत नाही. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं आधी आणायला हवं होतं. पानामागचा ठिपक्याएवढा कीडा ओळखणाऱ्या मामांना घरातलं माणूस चहाचा कप चाचपडून उचलतंय हे दिसलं नव्हतं. खरं तर दिसलं होतं. अंधार पडलाय म्हणून दिवा लावला होता त्यांनी. मामींनी तक्रार केली नाही. प्रार्थना पाठ होत्या, पुस्तकाची गरज नव्हती. पण मामांना आता एक गोष्ट टोचू लागली. एवढी वर्षं ते मनाशी म्हणत आले होते, कधीतरी तिला पुन्हा नेऊ आणि दाखवू. ते कधीतरी निघून गेलं होतं.

मामांच्या निवृत्तीला एक आठवडा राहिला. शनिवारी संध्याकाळी किल्ल्या साहेबांच्या टेबलावर ठेवायच्या होत्या. त्यानंतर त्यांनाही तिकीट काढूनच आत जावं लागणार होतं. शनिवारी दुपारी ते घरी आले आणि मामींना म्हणाले, चल. मामींनी विचारलं, मला आता काय बघायचंय तिथे? मामा म्हणाले, बघायचं नाही, नुसतं यायचं. त्यांच्या आवाजात काही असावं. मामींनी काठी घेतली आणि केस सारखे केले.

ओल्या खोलीचं दार उघडलं तशा मामी थांबल्या आणि चेहरा वर केला. तावदानावरून थेंब पडत होते, कुठेतरी बेडूक बोलत होता. हात अजून सैलच आहे म्हणायचा, असं त्या पुटपुटल्या. एका रुंद पानावर बोटं फिरवून म्हणाल्या, पुसायचं सोडलंत वाटतं. गवताच्या खोलीत त्यांनी तळहात पसरून पात्यांवरून फिरवला आणि विचारलं, अहो, इथला गवा निवृत्त झाला की माळाचं कसं होणार? मामांना हसू आलं. सूचिपर्णी खोलीत त्यांनी फक्त श्वास घेतला, दोनदा, भरून. तिथली झाडं आता छपराला टेकली होती, पण हे मामांनी सांगितलं नाही. थंड खोलीच्या दोन दारांमधे मामांनी आपला कोट काढून त्यांच्या खांद्यावर टाकला. आत त्या वाकल्या, झुडपांचा तो गच्च, गार गठ्ठा हाताने चाचपला. बाळांनो, सरकून बसा, हे मामांनीच मनात म्हटलं.

मग पाचवं दार. उघडताच कोरडी ऊन हवा अंगावर आली. मामींनी काठी पुढे केली, उंबऱ्याला टेकली आणि त्या तिथेच उभ्या राहिल्या.

“का गं?” मामांनी विचारलं.

“इथे येऊ नकोस म्हणाला होतात.”

टोमणा नव्हता तो. साधं सांगणं होतं, मीठ संपलंय म्हणावं तसं. मामांनी दाराच्या चौकटीला धरलं. अकरा वर्षं जे बोलायचं म्हणून मनात रचून ठेवलं होतं, त्यातलं एक वाक्य धड आठवेना. शेवटी जे आलं ते आलं. ते म्हणाले, झडप मीच उघडली होती, निघायच्या घाईत बंद करायची राहिली. परत आलो त्याच दिवशी मला कळलं होतं. तुझ्या चमच्याने काही झालं नाही. मी साहेबांना सांगितलं नाही, तुलाही सांगितलं नाही.

मामी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “झडप उघडी होती, ते मी बघितलं होतं.”

मामांना वाटलं, ऐकण्यात चूक होते आहे.

“पहिल्याच दिवशी. रोज बघत होते. काचांना घाम आलेला पण बघत होते. कागदावर लिहिलेलं होतं ना, कशालाही हात लावायचा नाही. दोन रेघा मारून. मला वाटलं, तुमचं काही गणित असेल.”

“मग तेव्हा बोलली का नाहीस? मी तुला... मी तुझ्यावर ढकललं तेव्हा?”

“तुम्ही बंद केलीत ना गुपचूप. मी आले तर बंद होती. मग समजले, की तुम्हाला कळलंय.” त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. “साहेबांपुढे तुमची मान खाली गेली असती. माझी गेली तर कुणाचं काय अडतं? म्हटलं, तुम्ही सांगाल मला कधीतरी. घरात तरी सांगाल.”

खाली बसून मामांनी मामींच्या पायांपुढचा उंबरा हाताने पुसला, तिथे काही नव्हतं तरी. मामींना ते कळलं असावं. कारण त्या म्हणाल्या, उठा आता, गुडघे धरतील. आणि काठीने अंदाज घेत उंबरा ओलांडून आत आल्या.

वाट त्यांना पाठ होती. सात पावलं, डावीकडे खिडकी, तिच्याखाली वाफा. कठडा हाताला लागल्यावर त्यांनी काठी मामांकडे दिली आणि दोन्ही हात वाफ्यात ठेवले. उन्हाने गोटे कोमट झाले होते. त्यांनी एक एक चाचपायला सुरुवात केली. गुळगुळीत, खडबडीत, लहान, मोठा. एकापाशी बोटं थांबली.

“हा ना?”

इतक्या पोरांना मामांनी हो म्हटलं होतं. त्यांच्या पाठीवर थाप मारून पुढे ढकललं होतं. आताही जीभ तिकडेच वळत होती. हो म्हटलं असतं तर म्हातारीचा चेहरा उजळला असता, आणि कुणाचं काय बिघडलं असतं?

“नाही,” ते म्हणाले. “तो दगडच आहे.”

मामींनी मान हलवली आणि बोटं पुढे सरकवली. “आणि हा?”

“नाही.”

“हा?”

आता एकही उरला नाही, सगळे त्याच वर्षी गेले, पुडीही वाया गेली, हे मामांनी तेव्हा सांगून टाकलं. मामींनी ऐकलं. त्यांचे हात मात्र थांबले नाहीत. त्या म्हणाल्या, असू दे, मला सगळे बघू द्या, अकरा वर्षं बघितले नाहीत.

बाहेर बाग बंद व्हायची घंटा झाली. साहेब किल्ल्यांची वाट बघत असतील, हे मामांना माहीत होतं. ते काठी धरून तिथेच उभे राहिले. मामी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एक एक गोटा हाताखाली घालत गेल्या, आणि दर वेळी विचारत गेल्या, आणि मामा दर वेळी खरं तेच सांगत गेले.